फॉइलमध्ये पॉइंट कोणाला? नव्या खेळाडूंसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी

"मॅडम, दोघांचेही लाइट लागले, मग पॉइंट त्यालाच काहून?"

नागपुरात शालेय तलवारबाजी स्पर्धेत पंच म्हणून उभं राहिलं की हा प्रश्न बाजूच्या खुर्च्यांवरून येतोच. प्रश्न रास्त आहे. क्रिकेटमध्ये स्टंप उडालेला सगळ्यांना दिसतो, कबड्डीत बाद झालेला गडी मैदानाबाहेर जातो. फॉइलमध्ये मात्र मशीन दोन दिवे लावतं आणि पंच एकाच बाजूचा हात वर करतो. नियम माहीत नसलेल्याला हा पक्षपात वाटतो. ज्या मुलाच्या विरोधात निर्णय गेला, त्याला तर आपल्यावर अन्याय झाला असंच वाटतं, आणि काही मुलं तेवढ्यावरून खेळ सोडतात. मला हे फार लागतं, कारण अर्ध्या तासात समजावता येईल अशी ही गोष्ट आहे.

तलवारबाजीत तीन शस्त्रं असतात: फॉइल, इपी आणि सेबर. नवख्या मुलांच्या हातात बहुतेक ठिकाणी आधी फॉइल येते, आणि नियमांच्या बाबतीत तीच अवघड. इपीत ज्याची टोच आधी लागली त्याचा पॉइंट, दोघांची एकदमच लागली तर दोघांना एकेक. फॉइलमध्ये तसं चालत नाही. म्हणून पहिल्या स्पर्धेला जाण्याआधी काय करायचं, पिस्टवर म्हणजे खेळायच्या पट्टीवर काय घडतं आणि शेवटी सही कशावर करायची, हे त्याच क्रमाने सांगते.

आधी कपडे

सगळ्यांत आत प्लास्ट्रॉन. तलवारीच्या हाताच्या बाजूची ही जाड अर्धी बंडी. तिला काखेत शिवण नसते, कारण तुटलेलं पातं काखेतून आत शिरण्याचा धोका मोठा. मुलींसाठी छातीचं कडक प्लास्टिकचं कवच सक्तीचं आहे. त्यावर जॅकेट. जॅकेटची चेन तलवार न धरणाऱ्या हाताकडे असली पाहिजे, म्हणून डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताचं जॅकेट देऊ नका, ते मापात बसलं तरी नाही. जॅकेट पँटवर किमान १० सेंटिमीटर आलेलं असावं, मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले असावेत. हातमोज्याचा कफ जॅकेटच्या बाहीवरून यावा आणि कोपराच्या दिशेने निम्म्या हातापर्यंत पोचावा. कफ बाहीच्या आत खुपसला तर समोरच्याच्या पात्याला बाहीत शिरायला वाट मिळते.

नागपूरच्या मे महिन्यात एवढं सगळं अंगावर चढवणं म्हणजे परीक्षाच असते. उन्हाळी शिबिरात मुलं "सर, प्लास्ट्रॉन आज राहू द्या ना" म्हणतात. राहू द्यायचं नाही. गरम होत असेल तर बाउट म्हणजे लढती कमी घ्या, मधे मास्क काढून पाणी प्या, सकाळी लवकर सराव ठेवा. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत फॉइलचा ऑलिंपिक विजेता, सोव्हिएत संघाचा व्लादिमिर स्मिर्नोव खेळत असताना प्रतिस्पर्ध्याचं पातं तुटलं आणि ते मास्कच्या जाळीतून आत गेलं. त्यातच तो गेला. मास्कची जाळी, कपड्यांचं कापड आणि पात्याचं पोलाद यांचे आजचे कडक निकष त्या घटनेनंतर आले. तेव्हा मास्कच्या जाळीला पोचा आला असेल किंवा गंज दिसत असेल तर तो मास्क बाजूला ठेवा. क्लबात दुसरा नसेल तर त्या दिवशी फक्त फूटवर्क करा.

जॅकेटच्या बाहीतून बॉडी वायर, म्हणजे फॉइलला मशीनशी जोडणारी तार घ्यायची, म्हणजे एक टोक हाताशी येतं आणि दुसरं पाठीमागे लोंबतं. मग वरून लामे, म्हणजे धातूच्या धाग्याचं चकाकतं जॅकेट. बरीच मुलं घाईत आधी लामे घालतात आणि मग वायरसाठी सगळं पुन्हा उतरवतात, तोवर त्यांच्या नावाचा पुकारा झालेला असतो.

फॉइलचं वजन ५०० ग्रॅमपेक्षा कमी असावं लागतं आणि पातं जास्तीत जास्त ९० सेंटिमीटर. टोकावर एक चपटं बटण असतं, आत बारीक स्प्रिंग, बाजूला दोन चिमुकले स्क्रू. बाउटच्या आधी पंच ५०० ग्रॅमचं वजन फॉइलच्या टोकावर ठेवतो. टोक वर, फॉइल उभी, वजन बटणावर. वजन ठेवून बटण दाबलं की दिवा लागतो. मग स्प्रिंगने ते वजन उचलून धरून दिवा विझवला पाहिजे. दिवा तसाच राहिला तर स्प्रिंग मेली आहे. अशी फॉइल घेऊन तुम्ही पिस्टवर आलात तर पिवळं कार्ड मिळतं. म्हणून घरूनच तपासून न्या, आणि चालू असलेल्या दोन फॉइल व दोन बॉडी वायर सोबत ठेवा. दुसरं शस्त्र नसणं हाही कार्डाचाच गुन्हा आहे. दोन फॉइल घेणं परवडत नसेल तर क्लबातल्या मित्राशी आधी बोलून ठेवा. आपल्याकडे सगळे असंच करतात आणि त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

पिस्टवर: जोडणी, तपासणी, सॅल्यूट

पिस्ट १४ मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद असते. मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरवर ऑन गार्डच्या, म्हणजे जिथे उभं राहून सुरुवात करायची त्या रेषा असतात, आणि दोन्ही टोकांचे शेवटचे दोन मीटर वेगळ्या खुणेने दाखवलेले असतात, म्हणजे मागे सरकणाऱ्याला कळावं की जागा संपत आली.

पुकाऱ्यात ज्याचं नाव आधी येतं तो पंचाच्या उजवीकडे उभा राहतो. अपवाद एकच: एक डावखुरा आणि एक उजवा असेल आणि डावखुऱ्याचं नाव आधी आलं तर तो डावीकडे जातो. कारण दोघांच्याही छात्या पंचाकडे असाव्यात, पाठी नाहीत. पंचाच्या डावीकडचा दिवा लाल, उजवीकडचा हिरवा. पालकांनी हे एवढं लक्षात ठेवलं तरी आपलं मूल कोणत्या दिव्याचं आहे ते शोधत बसावं लागत नाही.

पिस्टच्या टोकाला वायर गुंडाळून घेणारी रील असते. मागच्या त्या रीलची वायर कमरेपाशी बॉडी वायरला जोडा, मगरीच्या जबड्यासारखा क्लिप लामेला पाठीमागे लावा, मास्कची वायरही लामेला जोडा. मग दोघं जवळ येऊन एकमेकांची तपासणी करतात. तुमच्या फॉइलचं टोक समोरच्याच्या लामेला लावा: रंगीत दिवा लागला पाहिजे. त्याच्या गार्डला, म्हणजे मुठीपुढच्या वाटीला लावा: काहीच लागता कामा नये. हे सौम्यपणे करायचं असतं. काही मुलं या वेळी जोरात टोचून आपला रुबाब दाखवतात. असं करू नका.

मग सॅल्यूट. मास्क काखेत, फॉइल उभी हनुवटीपर्यंत आणून खाली. आधी पंचाला, प्रतिस्पर्ध्याला आणि बसलेल्यांना, क्रमाची फार चिंता नको, पण तिघांनाही. हा सॅल्यूट नियमाचा भाग आहे, तो करायला नकार दिला तर थेट काळं कार्ड आहे. घाईघाईत हवेत फॉइल हलवून मोकळं होणाऱ्या मुलाला मी मास्क घालू देत नाही, पुन्हा करायला सांगते. समोरच्याच्या डोळ्यांत बघून केलेल्या सॅल्यूटने पुढची तीन मिनिटं वेगळी जातात, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

यानंतर पंच म्हणतो "ऑन गार्ड", मग "रेडी?", मग "अ‍ॅले" किंवा "फेन्स". काही पंच तिन्ही शब्द फ्रेंचमध्ये उच्चारतात, अर्थ तोच. "रेडी?"ला तयार नसाल तर तेव्हाच सांगा, हात वर करून "नो सर" म्हणा. नंतर सांगितलेलं चालत नाही. आणि "हॉल्ट" ऐकू आलं की जागच्या जागी थांबा. हॉल्टच्या आधी सुरू केलेली कृती लागली तर धरली जाते, हॉल्टनंतर सुरू केलेली नाही.

दिवे काय सांगतात, काय सांगत नाहीत

फॉइलमध्ये फक्त धड हे लक्ष्य असतं: छाती, पोट, पाठ, खाली जांघेपर्यंत, आणि २००९ पासून मास्कच्या खालच्या पट्टीचा म्हणजे बिबचा काही भाग. हात, पाय, डोकं लक्ष्याबाहेर. लामेवर लागलं की रंगीत दिवा, बाहेर लागलं की पांढरा.

पांढऱ्या दिव्याने पॉइंट मिळत नाही, पण खेळ थांबतो. नवीन लोक इथे हमखास चुकतात. हातावर लागलेली टोच "वाया गेली, पुढे खेळा" अशी नसते. ती त्या झटापटीचा शेवट करते, आणि तिच्यानंतर लागलेलं काहीही मोजलं जात नाही.

मशीन कसं चालतं तेही थोडं जाणून घ्या, खूप गोंधळ वाचतो. फॉइलच्या तारेतून वीज सतत फिरत असते. बटण दाबलं की तो मार्ग तुटतो. टोक त्या क्षणी लामेवर असेल तर रंगीत, नसेल तर पांढरा. म्हणूनच बॉडी वायर कुठे तुटली असेल तर कोणीही न शिवता तुमचा पांढरा दिवा आपोआप पेटतो. त्यावरून वायर बदलायची वेळ आली हे ओळखा. आणखी एक: मोठ्या स्पर्धांत धातूची पिस्ट असते, तिच्यावर टोक आपटलं तरी दिवा लागत नाही. आपल्या शाळांच्या हॉलमध्ये साधी फरशी किंवा मॅट असते, तिथे फॉइल जमिनीला लागली की पांढरा दिवा पेटतो. तो खरा की जमिनीचा, हे पंचाला डोळ्यांनी बघावं लागतं.

एकाची टोच लागल्यावर मशीन दुसऱ्यासाठी साधारण ३०० मिलिसेकंद उघडं राहतं, मग बंद होतं. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी वेळात दोन्ही दिवे लागू शकतात. मशीनचं काम इथे संपतं. कोणाची टोच लागली एवढं ते सांगतं. पॉइंट कोणाचा, हे सांगणं पंचाचं काम.

हक्क: सगळा खेळ इथे आहे

एकच रंगीत दिवा लागला आणि दुसरा कोणताही नाही, तर वाद नाही. ज्याने टोचलं त्याचा पॉइंट. वाद दोन दिव्यांचा.

मूळ विचार असा. फॉइल ही खऱ्या तलवारीच्या सरावासाठी घडवलेली हलकी तलवार. खरी धारदार तलवार छातीवर येत असताना शहाणा माणूस आधी ती बाजूला सारेल, मगच स्वतः वार करेल. स्वतः मेलो तरी चालेल पण त्यालाही टोचतो, असं करणाऱ्याला फॉइल बक्षीस देत नाही. ज्याने आधी हल्ला सुरू केला त्याचा हक्क, आणि ज्याच्यावर हल्ला झाला त्याने तो हक्क आधी हिसकावून घ्यायचा. हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं पाठ न करता समजतं.

हल्ला म्हणजे काय? हात सरळ होऊ लागला आहे आणि टोक समोरच्याच्या लक्ष्याकडे रोखलं आहे. पुढे पळणं म्हणजे हल्ला नाही. कोपर मागे ओढून, टोक आकाशाकडे धरून कोणी तीन पावलं पुढे आला आणि त्याच वेळी समोरच्याने हात लांब करून लंज (पुढचा पाय लांब टाकून घेतलेली झेप) मारली, तर हल्ला समोरच्याचा. "सर, मी तर पुढे जात होतो ना!" हे मुलांचं आवडतं वाक्य. पाय काय करत होते ते विचारू नका, हात काय करत होता ते आठवा.

आता लाल आणि हिरवा असे दोघं समोर आहेत असं धरू.

लालने हात लांब करत लंज मारली. हिरव्याने अडवलं नाही, उलट आपलाही हात पुढे केला. दोन्ही रंगीत दिवे. पॉइंट लालचा. हिरव्याने केलं त्याला काउंटर अटॅक म्हणतात आणि तो हल्ल्यापुढे हरतो. तो जिंकायचा एकच मार्ग: लालची टोच चुकवणं किंवा त्याला ती वेळेत लावू न देणं.

लालने हल्ला केला. हिरव्याने आपल्या पात्याने लालचं पातं बाजूला सारलं, म्हणजे पॅरी केली, आणि लगेच टोचलं. लाल मात्र थांबला नाही, तिथूनच पुन्हा ढकलून टोचलं. दोन्ही दिवे. पॉइंट हिरव्याचा. पॅरी झाली त्या क्षणी हक्क हिरव्याकडे गेला. त्याच्या उत्तराला रिपोस्ट म्हणतात. लालच्या दुसऱ्या ढकलण्याला रिमीज म्हणतात, आणि रिपोस्टपुढे त्याला किंमत नाही. मात्र पॅरीनंतर हिरवा "जमलं बुवा" म्हणत क्षणभर रेंगाळला असता तर हक्क त्याच्या हातून निसटला असता. पॅरीनंतरचा वेळ फार छोटा असतो.

लालचा हल्ला कमी पडला, टोक हवेतच राहिलं. आता हिरव्याची पाळी. त्याने हल्ला केला, लालने जागेवरूनच हात पुढे ठेवला, दोन्ही दिवे. पॉइंट हिरव्याचा. चुकलेला हल्ला संपलेला असतो.

आता तो प्रसंग ज्यावरून सगळ्यांत जास्त रडारड होते. लालने हल्ला केला आणि टोच हिरव्याच्या दंडावर लागली: पांढरा दिवा. हिरव्याने त्याच वेळी काउंटर अटॅक केला आणि थेट छातीवर लावला: हिरवा दिवा. बघणाऱ्यांना वाटतं, छातीवर लागली म्हणजे हिरव्याचा पॉइंट. कोणालाच नाही. हक्क लालचा होता, त्याची टोच लक्ष्याबाहेर गेली, झटापट तिथेच संपली. दोघांनी होते तिथूनच पुन्हा सुरू करायचं. उलट, हिरव्याने पॅरी केली असती आणि मग छातीवर लावलं असतं तर लालच्या पांढऱ्या दिव्याला न जुमानता पॉइंट हिरव्याला मिळाला असता.

दोघांनी खरोखर एकाच क्षणी हल्ला सुरू केला तर कोणालाच पॉइंट नाही. आणि हिरव्याने आधीपासूनच हात पूर्ण सरळ, टोक लालच्या छातीकडे रोखून धरलं असेल तर त्याला लाइन म्हणतात. त्यावर लाल धावून आला तर हक्क हिरव्याचाच. लालने आधी ते पातं ठोकून किंवा सरकवून दूर केलं पाहिजे, मग त्याचा हल्ला धरला जातो. ठोकायला गेला आणि पातं सापडलंच नाही, तर हक्क हिरव्याकडेच राहतो.

पंच हे सगळं हातांनी सांगतो. हॉल्ट म्हटल्यावर तो आधी शेवटची झटापट क्रमाने दाखवतो, "अटॅक लाल, पॅरी रिपोस्ट हिरवा", आणि मग पॉइंटचा हात वर करतो. मुलं फक्त शेवटचा हात बघतात. पहिले दोन हावभाव बघायची सवय लावा, कारण पुढच्या पॉइंटला काय बदलायचं ते त्यांतच असतं.

वेळ, गुण आणि रेषा

पूलमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या गटफेरीत, बाउट पाच टचची (एक टच म्हणजे एक पॉइंट), तीन मिनिटांची. बाद फेरीत पंधरा टच, तीन-तीन मिनिटांचे तीन भाग आणि मधे एकेक मिनिट विश्रांती. सांघिक सामना पंचेचाळीस टचपर्यंत जातो, तिघे तिघांशी आळीपाळीने नऊ बाउट खेळतात. घड्याळ फक्त "अ‍ॅले" ते "हॉल्ट" एवढंच चालतं.

वेळ संपली आणि गुण समान असतील तर एक मिनिट जादा. त्याआधी पंच चिठ्ठी किंवा नाणं टाकून एकाला प्रायॉरिटी देतो. त्या मिनिटात ज्याचा पहिला टच तो जिंकला, कोणाचाच नाही झाला तर प्रायॉरिटीवाला जिंकला. प्रायॉरिटी नसलेल्याने इथे वाट बघत बसण्यात अर्थ नसतो.

मागच्या रेषेपलीकडे दोन्ही पाय गेले तर समोरच्याला एक टच. बाजूच्या रेषेबाहेर पाय गेला तर हॉल्ट होतो आणि समोरचा एक मीटर पुढे सरकतो. टच झाला की दोघं ऑन गार्डच्या रेषेवर परत, नाही झाला तर होते तिथूनच.

कार्डं, पंच आणि तुमचं तोंड

पिवळं कार्ड म्हणजे ताकीद. त्याच बाउटमध्ये तशीच दुसरी चूक झाली की लाल, आणि लाल म्हणजे समोरच्याला एक टच. ४-४ असताना मिळालेल्या लाल कार्डाने बाउट हातची जाते. काळं म्हणजे स्पर्धेबाहेर.

नव्या मुलांना पिवळं मिळण्याची कारणं ठरलेली असतात. मोकळा हात छातीसमोर आणून लामे झाकणं. अंगाला अंग भिडवणं, फॉइलमध्ये तेवढंही चालत नाही. प्रतिस्पर्ध्याकडे पाठ फिरवणं. हॉल्टच्या आधी मास्क काढणं. मोकळा हात जपायचा तर सरावातच तो मागे ठेवायची सवय लागते, स्पर्धेच्या दिवशी आठवून जमत नाही.

पंचाशी बोलायचं कसं, हे शिकवणं मला तंत्राइतकंच महत्त्वाचं वाटतं. नियमात यासाठी जागा आहे, फक्त ती नेमकी आहे. पंचाने काय पाहिलं यावर अपील होत नाही: पॅरी झाली की नाही, ते त्याने ठरवलं आणि संपलं. पण नियम कसा लावला, हे विचारण्याचा हक्क खेळाडूला आहे. "सर, माझी रिपोस्ट होती" असं ओरडण्याऐवजी "सर, अटॅक कोणाचा धरला, सांगाल का?" असं विचारा. बहुतेक पंच सांगतात. मोठ्या स्पर्धांत व्हिडिओ बघण्याची मागणी करता येते, जिल्हा पातळीवर ती सोय सहसा नसते, म्हणून इथे शब्दांवर जास्त भार येतो.

विचारायचं ते खेळाडूनेच. प्रशिक्षकाने किंवा वडिलांनी बाजूने "पॅरी होती, पॅरी होती" असा गलका केला तर पंच आधी त्यांना गप्प करतो, आणि मूल मात्र त्या गडबडीत पुढचे दोन टच गमावतं. आईबाबांनी टाळ्या जरूर वाजवाव्यात, दोन्ही बाजूंच्या चांगल्या टचला वाजवल्या तर त्याहून चांगलं. "अ‍ॅले" आणि "हॉल्ट"च्या मधे सूचना देऊ नयेत.

मशीनशिवाय सराव असतो तेव्हा ज्याला लागलं त्याने स्वतः सांगायचं. हात वर करून "लागला" म्हणायचं. जो सांगत नाही त्याच्याशी पुढच्या आठवड्यात कोणी खेळायला तयार नसतं, आणि मशीनच्या पिस्टवर त्याची नजरही सुधारत नाही, कारण आपल्याला कुठे लागतं हे त्याने कधी स्वतःशी कबूल केलेलंच नसतं.

हॉलमधल्या सवयीही सांगते. मास्क डोक्यावर नसेल तर कोणाकडेही टोक रोखायचं नाही, गंमत म्हणूनही नाही. चालताना टोक जमिनीकडे. चालू पिस्टला खेटून जायचं नाही. बाउट संपल्यावर रीलची वायर हातात धरून हळू मागे नेऊन ठेवायची. सोडून दिली की ती सपकन आत जाते, टोकाचा प्लग रीलवर आपटतो आणि रील बिघडते. क्लबात एक रील बंद पडली की अख्खी पिस्ट बंद.

बाउट संपली की मास्क काढून पुन्हा सॅल्यूट. हस्तांदोलनाची जुनी पद्धत आहे आणि आपल्याकडे बहुतेक मुलं ते करतात, मोकळ्या हाताने. २०२३ मध्ये मिलानच्या जागतिक स्पर्धेत युक्रेनची सेबरपटू ओल्गा खार्लानने रशियन प्रतिस्पर्धीशी हात न मिळवता दुरून तलवार पुढे केली आणि तिला काळं कार्ड मिळालं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने हस्तांदोलनाची सक्ती काढली आणि दुरून केलेला सॅल्यूट पुरेसा मानला. हरल्यावर पाय आपटत निघून जाणं मात्र आजही कोणत्याच नियमात बसत नाही.

पूल शीट वाचायला शिका

पूल संपला की टेबलापाशी एक तक्ता येतो. आपल्या नावाची आडवी ओळ म्हणजे तुम्ही मारलेले टच, उभा रकाना म्हणजे तुम्ही खाल्लेले. जिंकलेल्या बाउटला व्ही लिहितात, वेळ संपून ४-३ ने जिंकलात तर व्ही ४. सात जणांचा पूल असेल तर प्रत्येकाच्या सहा बाउट आणि एकूण एकवीस, तेव्हा लिहिताना चूक होऊ शकते.

क्रमवारी आधी जिंकलेल्या बाउटच्या प्रमाणावर ठरते. ते समान असेल तर मारलेले वजा खाल्लेले, तेही समान असेल तर जास्त मारलेले. म्हणून ०-४ ने मागे असलेल्या बाउटमध्येही एक टच काढणं फुकट जात नाही. बाद फेरीत पहिल्याच सामन्यात कोण समोर येईल, ते त्या एका टचवर बदलू शकतं.

सही करण्याआधी आपली ओळ आणि रकाना दोन्ही तपासा. सही झाल्यावर "माझी एक बाउट चुकीची लिहिली" म्हणायला फारसा वाव राहत नाही. अनेक मुलं घाईत न बघता सही करून डबा खायला पळतात. आईबाबांनी फक्त एवढं विचारावं: "शीट बघितलीस?"

घरी आल्यावर आणि पुढच्या आठवड्यात

घामातलं मीठ लामेच्या धाग्यांना खातं. ओली लामे पिशवीत कोंबून ठेवली की काही दिवसांत तिच्यावर काळपट डाग पडतात, आणि डागावर टोच लागली तर रंगीत ऐवजी पांढरा दिवा येतो. म्हणजे समोरच्याने हक्काने मारलेला पॉइंट तुमच्या मळक्या लामेने खाल्ला. घरी आल्याबरोबर ती हँगरवर सावलीत टांगा, अधूनमधून कोमट पाण्यात न पिळता धुवा. पावसाळ्यात जास्त काळजी घ्या, बंद पिशवी तेव्हा घातकच. नागपुरात बर्डीवरच्या इलेक्ट्रॉनिकच्या दुकानातून साधा मल्टीमीटर आणून ठेवा, बॉडी वायर आणि लामे दोन्ही त्याने घरीच तपासता येतात.

आणि शनिवारच्या सरावाला एक मागणी करा: पंधरा मिनिटं मला पंच होऊ द्या. पिस्टच्या मधोमध, थोडं मागे उभं राहा, दिव्यांकडे बघायच्या आधी दोघांचे हात बघा आणि हॉल्टनंतर झटापट मोठ्याने बोला: "अटॅक डावीकडून, पॅरी, रिपोस्ट, लागला." पहिल्यांदा अर्धं सुटेल. सिनियर ताई किंवा दादा शेजारी उभे असतील तर ते तिथल्या तिथे सांगतील की कोणाचा हात आधी निघाला होता. आईबाबांनाही हे करायला हरकत नाही, खुर्चीत बसूनच, पण मनातल्या मनात.